मॅडम, एआय असताना काड्या कायले?

"मॅडम, आता एआय आलं म्हंते. लेकराइले तेच शिकवते. मंग तुम्ही अजून काड्या कायले मोजून राह्यल्या?"

हा प्रश्न मला पालकसभेत येतो, एसटीत येतो. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीला आला की तोही विचारतो, "मावशी, शाळेला टॅब मिळालेत ना, मग वापरत का नाहीस?" उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही. म्हणून आज बसून लिहिते.

शाळा आमची केळापूर तालुक्यातली, जिल्हा यवतमाळ. पहिली ते चौथी, शिक्षक दोघं. कायद्याने 60 पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणून एका खोलीत दोन वर्ग, एकाच वेळी. काही वर्षांपूर्वी देणगीतून टॅब आले, भिंतीवर मोठा टीव्ही आला. लाइट जाते, रेंजसाठी निंबाखाली जाऊन उभं राहावं लागतं, दोन टॅबच्या बॅटऱ्या फुगल्या. पण माझी तक्रार ही नाही. उद्या चोवीस तास लाइट आणि फुल रेंज आली तरी माझं उत्तर फारसं बदलणार नाही.

तिसरीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. टॅबवर वजाबाकी होती, 52 वजा 37. खाली चार पर्याय. तिने 25 वर बोट ठेवलं. लाल फुली, 'पुन्हा प्रयत्न करा'. मग तिने उरलेल्यातला एक दाबला, मग दुसरा. तिसऱ्यांदा 15 लागलं, टाळ्या वाजल्या, तारा मिळाला. ती पुढच्या गणिताला गेली आणि तिथेही तशीच दाबत राहिली. संध्याकाळच्या अहवालात तिच्या नावापुढे 'घटक पूर्ण' असं आलं.

मी तिला जवळ बसवलं. विचारलं, "आधी 25 कसे काढले?" ती म्हणाली, "सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन." म्हणजे तिचा एक नियम होता: मोठ्यातून लहान काढायचं, वर असो की खाली. नियम चुकीचा होता, पण तो तिने स्वतः बांधलेला होता आणि ती प्रत्येक गणिताला तो इमानाने लावत होती. ही अडचण असलेलं मूल आळशी नसतं, 'कच्चं'ही नसतं. त्याने विचार केलेला असतो.

मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांचे गठ्ठे काढले. दहा-दहा काड्या सुतळीने बांधलेल्या. तिला म्हटलं, "परवा आईने 52 किलो कापूस वेचला, काल 37. किती कमी झाला?" तिने पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. तीन गठ्ठे बाजूला केले. मग सात सुट्या काढायला गेली तर हातात दोनच. बराच वेळ ती नुसती बघत बसली. मी काही बोलले नाही. तेवढं न बोलणंच मला वीस वर्षांत सगळ्यात अवघड गेलंय. मग तिने माझ्याकडे बघत हळूच एका गठ्ठ्याची सुतळी सोडली. आम्ही पुस्तकी भाषेत याला 'दशक सुटा करणे' म्हणतो. तिने तो खरोखर सुटा केला होता. बारातून सात गेले, पाच. एक गठ्ठा, पाच काड्या. "पंधराच किलो कमी झाला मॅडम, पंचवीस नाई."

टॅबला तिची फुली दिसली, मला तिचा नियम दिसला. दिसला तो मी 'कसं काढलं' विचारलं म्हणून.

खूण लगेच दाखवणारं यंत्र काही आजचं नाही. अमेरिकेत बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली शिकवणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं: छोटा प्रश्न, मुलाचं उत्तर, बरोबर की चूक ते तिथल्या तिथे. आमच्या टॅबमध्ये रंग आले, टाळ्या आल्या, चाल तीच. त्याच्याही आधी, 1913 मध्ये, एडिसनने सांगून टाकलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं चित्रपटांतून शिकवता येईल. पेरू देशाने लाखो मुलांना लॅपटॉप दिले. 2012 मध्ये तिथल्या 319 शाळांचा अभ्यास बाहेर आला, तेव्हा गणितात आणि भाषेत मुलं पुढे गेल्याचं दिसलं नाही. सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत थोडा फरक दिसला, तोही सांगायला हवा. पण एवढा खर्च त्यासाठी नव्हता केला.

भाचा म्हणतो, मावशी, हे जुनं झालं, नवं एआय 'कसं काढलं' हेही विचारतं. बरोबर आहे. मी त्या मुलीची चूक एआयला लिहून पाठवली, तर त्याने चटकन ओळखली आणि तीन उपायही सांगितले, चांगले होते. स्वाध्याय तयार करायला, मोठ्या अक्षरातला पाठ काढायला मी ते रात्री घरी वापरते. पण चूक त्याच्यापर्यंत मी नेली होती. आठ वर्षांची मुलगी ती प्रमाण मराठीत टाइप करून सांगणार नाही.

आणि भाषेचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे. एका अॅपमध्ये मुलाने मोठ्याने वाचायचं आणि यंत्राने तपासायचं, असं होतं. आमचा पोरगा समोर 'पाणी' लिहिलेलं असताना 'पानी' वाचतो, 'शाळा'ला 'शाया' म्हणतो, 'डोळा'ला 'डोया'. त्याला शब्द कळलेला आहे, अर्थ कळलेला आहे, अक्षरही ओळखलेलं आहे. वऱ्हाडी तोंडातून तो असाच निघतो. अॅपने दर वेळी लाल केलं. चार दिवसांनी पोरगा वाचायलाच तयार होईना. माझ्यासमोर वाचतो, टॅबसमोर नाही. काही मुलं कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येतात. त्यांच्या घरची कोलामी ही द्राविडी कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. आमच्या टॅबमध्ये कोलामीचा एक शब्द नाही. मलाही मोजकेच येतात, पण मी पोरांना विचारू शकते आणि पोरं मला शिकवतात. मी शब्द चुकले की त्यांना कोण आनंद होतो!

एकदा मी एआयला वऱ्हाडीत गोष्ट मागितली. आली ती पुस्तकी मराठीच, मधेमधे 'बाप्पा' पेरलेलं. त्याचं कारण सरळ आहे. हे यंत्र ढिगांनी मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, ते काढतं. वऱ्हाडी बोलली जाते खूप, लिहिली जाते कमी. जे लिहिलंच गेलं नाही ते त्याला कुठून येणार? पण आमच्या पोरांचा सगळा संसार त्या न लिहिलेल्यात आहे.

अजून एक. अॅप सुरू करताना मुलाचं नाव, जन्मतारीख, फोटो, पालकांचा मोबाइल नंबर, सगळं भरावं लागतं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात पालक कापूस वेचायला गेलेले असतात आणि 'सहमत' वर बोट ठेवते मी. मला याचा त्रास होतो.

इथून वर्धा काही फार लांब नाही. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे शिक्षण परिषद भरली आणि ठराव झाला: सात वर्षं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हाताच्या कामाभोवती. गांधीजींच्या या शिक्षणपद्धतीच्या, म्हणजे नई तालीमच्या, सगळ्या गोष्टी मला पटतात असं नाही. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा ही अपेक्षा तर मला बिलकूल मान्य नाही. पण हात आणि घरची बोली यांना मधे ठेवून विचार करणारी माणसं आपल्याच भागात बसली होती.

सहकारी निवडणुकीच्या कामावर गेले की चारही वर्ग माझ्याकडे असतात. तेव्हा मीही दोन वर्ग टीव्हीसमोर बसवले आहेत. म्हणून मला भीती वाटते ती यंत्राची नाही. तिसरा शिक्षक मागितला की चौथा टॅब मिळेल, याची वाटते. पालकसभेत विचारणाऱ्या दादांना मी एवढंच म्हटलं, "टॅब राहू द्या दादा, पण आणखी एक माणूस मागा. सगळे मिळून मागू."

ती मुलगी परवा घरून काड्या घेऊन आली. दहा-दहाचे दहा गठ्ठे, आणि ते सगळे आईच्या जुन्या ओढणीच्या पट्टीने एकत्र बांधलेले. शंभर मी अजून शिकवलेच नव्हते. टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, याच्यातून एक काडी काढाची असन तं दोन गाठी सोडा लागते."