फॉर्ममध्ये रिपीट लावताना आधी सगळी नावं, मग बाकीचे प्रश्न

कोबो टूलबॉक्सवर (सर्व्हेचे फॉर्म बनवून मोबाईलवर माहिती भरायचं साधन) घरोघरच्या सर्व्हेचे फॉर्म बनवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, फील्ड, म्हणजे फॉर्ममधले प्रश्न, वर-खाली करत बसायच्या आधी कागदावर नीट ठरवा की घराला एकदाच काय विचारायचंय आणि प्रत्येक माणसाला काय. नळ घरात की बाहेर, रेशनकार्ड पिवळं की केशरी, हे घराचं. वय, शिक्षण, बीपी, शुगर हे माणसाचं. बीपीचा प्रश्न घराकडे राहिला तर सहा जणांच्या घराचं मिळून एकच "हो" येतं आणि नक्की कोणाला बीपी आहे ते नंतर कळायला मार्ग नाही.

गूगल फॉर्म्समध्ये सेक्शन आहेत, पण तोच सेक्शन हवा तितक्या वेळा रिपीट करता येत नाही, मग लोक सदस्य १, सदस्य २ करत दहा सेट कॉपी-पेस्ट करतात आणि अकरावा माणूस निघाला की अडतात. कोबोला द्यायच्या एक्सेलमध्ये टाइपच्या कॉलमला बिगिन रिपीट, एंड रिपीट लिहिलं की मधले प्रश्न पाहिजे तितक्यांदा येतात, यालाच रिपीट म्हणायचं.

मी मात्र दोन रिपीट लावते. पहिल्यात फक्त नाव, वय, स्त्री की पुरुष. जनता वसाहतीत दारात उभं राहून विचारलं की आजी सगळ्यांची नावं एका दमात सांगतात, तिथेच प्रत्येकाची शुगर विचारत बसलं तर शेवटची दोन माणसं हमखास राहतात. बाकीचे प्रश्न दुसऱ्या रिपीटमध्ये. त्याच्या रिपीट काउंटमध्ये, म्हणजे किती वेळा रिपीट करायचं त्या कॉलममध्ये, पहिल्याची संख्या द्यायची आणि इंडेक्स्ड रिपीट (पहिल्या रिपीटमधून त्याच क्रमांकाच्या माणसाचं उत्तर उचलणारं सूत्र) वापरून नाव प्रश्नातच आणायचं, म्हणजे "सदस्य ४ ला शुगर आहे का" ऐवजी स्क्रीनवर सरळ नाव घेऊन प्रश्न येतो, सर्व्हेवाल्या ताईंना आठवत बसावं लागत नाही. गरोदरपणाचा प्रश्न रेलेव्हंट (प्रश्न कधी दाखवायचा त्याची अट) लावून १५ ते ४९ वयाच्या बायकांपुरताच ठेवा. प्रश्नांच्या छोट्या ग्रुपला फील्ड-लिस्ट द्या, म्हणजे ते एकाच स्क्रीनवर येतात, नाहीतर मोबाईल ॲपमध्ये दर स्क्रीनला एकच प्रश्न येतो आणि स्वाइप करून करून बोटं दुखतात.

रिपीटच्या आत रिपीट शक्यतो नकोच. भरलेली माहिती एक्सेलमध्ये एक्सपोर्ट केल्यावर प्रत्येक रिपीटची वेगळी शीट येते, घराशी पॅरेंट इंडेक्सने (घराच्या ओळीचा क्रमांक) जोडलेली, आणि एकात एक असलं की दोनदा जोडत बसायचं. हे जोडणं टाळायला मी रिपीटच्या आत एक कॅल्क्युलेट (आपोआप भरणारं फील्ड) टाकून घराचा कोड प्रत्येक माणसाच्या ओळीत आणते, मग पिव्होट (एक्सेलचा गोषवारा तक्ता) लगेच लावता येतो.