मला घटस्फोट नको होता, मार थांबायला हवा होता

"ताई, नांदायचंय की सोडायचंय ते आधी ठरवा, मग तक्रारीचं बघू." आमच्या भागातल्या पोलीस चौकीत मला मिळालेलं हे पहिलं उत्तर. पुढे हाच प्रश्न बार्शीहून आलेल्या मामांनी विचारला, सोसायटीतल्या काकूंनी विचारला. एका खासगी वकिलांनी तर बसायच्या आधीच विचारला, "498अ करायची की घटस्फोट टाकायचा?" 498अ म्हणजे नवऱ्यावर छळाचा फौजदारी गुन्हा (आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम 85 आहे). मला दोन्ही नको होतं. मुलगी तिसरीत होती, फ्लॅटच्या हप्त्यात माझाही पगार जात होता, आणि नवऱ्याला आत टाकावं असं मनात नव्हतं. त्याने हात उचलणं थांबवावं आणि ऊठसूट 'नीघ घरातून' म्हणू नये, इतकीच माझी मागणी होती. इतकंच मागता येतं, त्यासाठी वेगळा कायदा आहे, हे मला फार उशिरा कळलं. आणखी कुणाला लवकर कळावं म्हणून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

चौकीत त्या रात्री एनसी झाली, म्हणजे अदखलपात्र नोंद. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून समज दिली. ती समज चार दिवस टिकली. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 पासून. त्याच्या कलम 5 प्रमाणे पोलिसांनी मला तिथेच सांगायला हवं होतं की मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, त्यासाठी मदत करणारे सरकारी संरक्षण अधिकारी असतात, वकील फुकट मिळतो. सांगावंसं वाटलं तर सांगा, असं ते कलम म्हणत नाही. ते पोलिसांचं कर्तव्य आहे. तिथे मात्र चहा विचारला, पाणी दिलं, यातलं एक अक्षर कुणी काढलं नाही.

वाट दाखवली मैत्रिणीच्या आईने. मुलीला घेऊन मी कोथरूडला मैत्रिणीकडे आले होते. या काकू जुन्या पुणेकर. 1982 मध्ये मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या तरुण विवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंनी शहर हादरलं आणि विद्या बाळ व इतर मैत्रिणींनी नारी समता मंच ही बायकांची संघटना उभी केली, तो काळ त्यांनी तरुणपणी जवळून पाहिलेला. "तेव्हा असला कायदा नव्हता गं, नुसत्या बायका होत्या," त्या म्हणाल्या. "आता कायदा आहे तर तू रडत काय बसलीस? 181 लाव." त्यात मायेपेक्षा दटावणी जास्त होती. मला तेव्हा तीच हवी होती.

181 ही महिलांची हेल्पलाइन चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "आत्ता सुरक्षित आहात का? मोकळेपणाने बोलता येतंय का?" नांदायचं की सोडायचं, हे त्यांनी विचारलंच नाही. राहायला जागा हवी असेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं. दवाखाना, पोलीस, समुपदेशन, कायद्याचा सल्ला यांची सोय तिथूनच लावून देतात. मला मैत्रिणीचं घर होतं, म्हणून ती वेळ आली नाही. त्यांनी महिला व मुलांसाठीच्या सहाय्य कक्षात जायला सांगितलं.

तो कक्ष पोलिसांच्या आवारात आहे म्हटल्यावर माझा पाय निघेना. पुन्हा तेच टेबल, तीच 'समज'. पण हा कक्ष पोलिसांचा नसतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात तो सुरू केला आणि मग तो राज्यभर गेला. आत बसतात त्या समाजकार्य शिकलेल्या बाया, अंगावर वर्दी नसते. (बायकांच्या तक्रारींसाठीचा भरोसा सेल वेगळा, तो पोलिसांचा स्वतःचा. दोन्हीत माझा बरेच दिवस घोळ होत होता.)

तिथल्या ताईंनी कोरे कागद दिले. मी लिहिलं, 'पती वारंवार मारहाण करतात व मानसिक छळ करतात.' त्यांनी वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला. "हे वाक्य माझ्याकडे रोज येतं. तुमच्या घरात काय झालं ते यात कुठे आहे? शेवटचं कधी मारलं? हाताने की कशाने? कुठे लागलं? मुलगी तेव्हा कुठे होती?"

मी म्हटलं, तारखा कशा लक्षात राहणार. मग मला मोबाइलमधले फोटो आठवले. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी दुधाचा हिशेब लिहायचे: एक, दीड, खाडा. महिना संपला की त्या पानाचा फोटो काढून दूधवाल्याला पाठवायचे. मार बसला की त्या दिवसाच्या चौकोनात, कोपऱ्यात, बारीक फुली मारायची सवय लागली होती. कशासाठी मारत होते, मलाही सांगता आलं नसतं. ताईंनी फोटो मोठा करून एकेक फुली दाखवली आणि मी सांगत गेले. ही संक्रांतीची, वाण आणायला पैसे मागितले तेव्हाची. ही दीड लिटर दुधाची, त्याचे मित्र जेवायला होते त्या रात्रीची. मोबाइलचा चार्जर, डाव्या दंडावर. दुपार झाली. कागद संपले, त्यांनी आणखी दिले.

लिहिताना आणखी एक गोष्ट उलगडली. माझं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असायचं आणि भाजीलाही मोजून पैसे मिळायचे, हे मी तक्रारीत धरलंच नव्हतं. ते मला संसाराचा भाग वाटायचं. कायद्यात आर्थिक हिंसा स्वतंत्रपणे लिहिलेली आहे, शाब्दिक आणि मानसिकही. दवाखान्याच्या कागदाचं मात्र वाईट झालं होतं. मनगट सुजलं तेव्हा एका खासगी दवाखान्यात नेलं होतं, तिथे डॉक्टरांनी नवरा शेजारी उभा असतानाच विचारलं, "कसं लागलं?" केसपेपरवर 'घरी पडल्याने' आलं. बाईला एकटीला आत घेऊन हा प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो?

मग संयुक्त बैठक. नवरा आला तो सासूबाई आणि त्याच्या काकांना घेऊन. सगळे इस्त्रीचे कपडे घालून, साखरपुड्याला आल्यासारखे. काका म्हणाले, "मॅडम, मुलीचा स्वभाव जरा तापट आहे. भांड्याला भांडं लागतंच." ताई शांतपणे म्हणाल्या, "स्वभावावर आपण नंतर बोलू. आज फक्त चार्जरने मारण्याबद्दल बोलायचं आहे. मारलं का?" खोलीत कुणी बोलेना. मग नवरा म्हणाला, "रागात झालं असेल." ते 'झालं असेल' तसंच्या तसं नोंदवहीत गेलं, खाली त्याची सही. मारणार नाही, कार्ड परत देईन, घराबाहेर काढणार नाही, अशी लेखी हमीही दिली.

समुपदेशन म्हणजे बाईला गप्प बसवून परत पाठवणं, असं मी ऐकून होते, आणि काही ठिकाणी ते तसं चालतं हेही पुढे इतर बायकांकडून कळलं. इथे पहिल्यापासून स्पष्ट होतं की तडजोड बाकी कशावरही होईल, मारावर नाही. हमी मोडली तर पुढचा अर्ज तयार ठेवू, हे त्याच्यादेखत सांगितलं होतं. हमी मोडली. मी घरी परतल्यावर, गौरी-गणपतीत, पाहुणे घरात असताना. मुलीला घेऊन मी पुन्हा मैत्रिणीकडे आले.

त्यानंतर संरक्षण अधिकाऱ्यांकडे डीआयआर भरला, म्हणजे घरगुती घटना अहवाल. छापील नमुना असतो; कक्षात लिहून काढलेलं सगळं इथे कामाला आलं, फुल्यांच्या तारखांसकट. हा अहवाल भरायला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. अर्ज पुण्यातच करता आला. सासर कुठल्याही गावी असो, बाई सध्या जिथे राहते, अगदी तात्पुरतीसुद्धा, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो. माहेरी निघून गेलेल्या कितीजणींना हे ठाऊक नसतं.

वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाला, शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातून. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, 1987च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे. मी नोकरी करते म्हणून मला मिळणार नाही, ही मामांची ठाम समजूत होती. 15100 या नंबरवरही चौकशी करता येते. फुकटचा वकील कच्चा, हेही मामांचंच मत. माझ्या वकीलबाई तरुण होत्या, कामाने वाकलेल्या, फोन उचलायच्या तो रात्री आठनंतर. पण अर्ज त्यांनी चोख केला: कलम 18 खाली संरक्षण, 19 खाली निवास, 20 खाली खर्च, आणि 23 खाली हे सगळं अंतरिम, म्हणजे मुख्य निकालाआधी. "घर त्याच्या नावावर आहे ना," मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नावावर कुणाच्याही असू दे. तुम्ही तिथे संसार केलाय ना?" 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासऱ्यांच्या मालकीच्या घरातही सुनेचा राहण्याचा हक्क मान्य केला आहे, हे त्यांनीच सांगितलं.

कायद्यात लिहिलंय की पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा. ते वाचून कुणी दिवस मोजायला बसू नये. आमची नोटीस आधी 'घर बंद' म्हणून परत आली, मग त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर बजावली. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, ऑफिसात माझी अब्रू घालवलीस म्हणून. मी फोन ठेवला आणि ती तारीख कालनिर्णयवर लिहिली. आता फुलीऐवजी अक्षरांत.

नंतरच्या तारखा कंटाळवाण्या होत्या. जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानकावर उतरायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन परतायचं. लक्षात राहण्यासारखं एकच. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2020 मधल्या निकालामुळे पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवऱ्याने पगार निम्मा दाखवला होता. माझ्याकडे गृहकर्जाच्या अर्जाची झेरॉक्स होती, त्याला जोडलेल्या त्याच्या पगारपत्रकासकट. लग्नातले दागिने कुठल्या लॉकरमध्ये आहेत हे बाया लक्षात ठेवतात; नवऱ्याच्या पगारपत्रकाची एक प्रत मैत्रिणीकडे ठेवणं त्याहून कामाचं आहे.

अंतरिम आदेश आला. मारहाण, धमक्या बंद. मला आणि मुलीला घरातून काढायचं नाही. दरमहा ठरावीक रक्कम माझ्या खात्यात. मुलीला घेऊन मी घरी परतले. तो स्वतःच आईकडे हडपसरला राहायला गेला, त्यासाठी कुणी आदेश दिलेला नव्हता. आदेशाची प्रत न्यायालयाने विनामूल्य दिली, एक प्रत पोलीस ठाण्यालाही गेली. ती किती कामाची असते ते एका रात्री कळलं. तो पिऊन दारावर धडका मारत होता, मी 112 लावला. आलेल्या दोन पोलिसांपैकी एकाने जिन्यातल्या दिव्याखाली आदेश पूर्ण वाचला आणि त्याला म्हणाला, "ही कोर्टाची ऑर्डर आहे. मोडली तर एक वर्षापर्यंत आत जाल. वीस हजारांपर्यंत दंड वेगळा." एनसीच्या रात्री हेच 'नवरा-बायकोचं घरगुती' होतं.

मुख्य अर्ज अजून चालू आहे. नांदायचं की सोडायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही आणि आता कुणी ठरव म्हणून मागेही लागत नाही. पोटगी पहिले काही महिने वेळेवर आली, मग अडखळायला लागली. थकबाकी राहिली तर मॅजिस्ट्रेट नवऱ्याच्या कंपनीलाच सांगू शकतात की पगारातून कापून बायकोला द्या. कलम 20 मध्येच ती सोय आहे. तो अर्ज आम्ही टाकला आहे. वकीलबाईंनी बँकेच्या पासबुकाची पानं आणि शाळेच्या वाढलेल्या फीची पावती मागितली आहे, ती शुक्रवारी नेऊन द्यायची आहे.