छापण्याआधीचं अक्षर

बालगंधर्व कलादालनात जुन्या ग्राफिक डिझाइनचं प्रदर्शन लागलंय असं कळलं आणि भाचीला घेऊन सकाळीच गेलो. संध्याकाळी नाटकाची गर्दी झाली की जंगली महाराज रस्त्यावर गाडी लावायचे हाल होतात. भाची अप्लाइड आर्टला आहे. मी पॅकेजिंगची डिझाइनं करतो, सगळी संगणकावर.

पहिली फेरी पाट्या न वाचता मारली. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, काडेपेट्यांची लेबलं, शिळाछापावरचे देव. पुण्यात चित्रशाळा छापखाना १८७८ साली निघाला हे भाचीला माहीत होतं. पण दगडावर अक्षरं उलटी काढत आणि रंगागणिक दगड वेगळा लागे, हे मी सांगितल्यावर ती परत त्या चित्रांपाशी गेली आणि एका देवीच्या पदराबाहेर सरकलेला लाल रंग शोधूनच आली.

खरा वेळ गेला नाटकांच्या जाहिरातींच्या मूळ आर्टवर्कपाशी. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकाचं नाव वाचण्याइतकंच बघण्याजोगं केलं, तेव्हापासून मला या प्रकाराची ओढ. समोरच्या कामावर मात्र सही नव्हती. जाड कार्डावर काळ्या शाईतलं शीर्षक, छापलेल्या जाहिरातीपेक्षा कितीतरी मोठं. वाकून पाहिलं तर 'क्ष'च्या गाठीत पोस्टर व्हाइट या पांढऱ्या रंगाचा थर. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि अशा बारीक जागा बुजतात, म्हणून कलाकाराने ती गाठ पांढऱ्याने कोरून मोकळी केलेली. त्या एका अक्षरापाशी मी बराच वेळ उभा होतो.

"मामा, या आखणीच्या निळ्या रेषा खोडल्या का नाहीत?" भाचीने विचारलं.

उत्तर शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी दिलं. "खोडायची गरजच नव्हती बाळ. आमच्या कॅमेऱ्याच्या फिल्मला फिकट निळा दिसायचाच नाही." छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे मूळ कामाचा छपाईच्या मापात फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर, त्यांची हयात गेलेली. मोठं काढून लहान केलं की हाताची थरथरही लपते, हे त्यांनी बोट न लावता एकेका वळणावर दाखवलं. संगणकावरचा मंगल फॉन्ट करणारे र. कृ. जोशीसुद्धा हाताने अक्षर घोटलेले होते, हे मला तिथे नव्याने जाणवलं.

एक गोष्ट खटकली. मूळ काम आणि छापील जाहिरात शेजारी शेजारी हवी होती; छापील कात्रणं पार दुसऱ्या भिंतीवर होती. एवढ्या मेहनतीचं काय झालं ते बघायला सारखं मागेपुढे करावं लागत होतं.

निघताना काका म्हणाले, "माझ्याकडेही आहेत अशी काही. गुंडाळून ट्रंकेत ठेवलीत." ऐकून पोटात कालवलं. गुंडाळलेल्या कार्डावरचा पोस्टर व्हाइट उलगडताना तडकतो. त्यांना म्हटलं, आता तुम्ही ती उघडू नका, आम्ही येतो. रविवारी जायचं ठरलंय. आम्लरहित कागद आणि मोठ्या सपाट फाइली मी आणतोय, स्कॅनर भाचीकडे आहे.