दुसरी मांडी

रविवारी दुपारी रद्दी बांधायला म्हणून हॉलमध्ये जमिनीवर बसलो. रद्दीवाला चारला येणार होता. आमच्या रद्दीत नुसते पेपर नसतात. विजेची जुनी बिलं, अर्धवट वाचलेले दिवाळी अंक, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका असं काहीबाही निघतं, आणि निघालं की वाचावं लागतं. तसा वाचत बसलो. तासाभराने बेल वाजली. उठायला गेलो तर डावा पाय घरात नव्हता. दिसत होता, पण माझा म्हणावा असं त्यात काही उरलं नव्हतं. भिंत, टीपॉय, सोफ्याचा हात असं करत करत दार उघडलं.

रद्दीवाल्याने खांद्यावरचा ताणकाटा काढला आणि तो गठ्ठ्यासमोर उकिडवा बसला. टाचा पूर्ण टेकलेल्या, गुडघे काखेशी, हात मोकळे. त्याच बैठकीत त्याने पेपर आणि मासिकं वेगळी केली, सुतळी आवळली, वजन केलं, मध्ये फोन आला तो घेतला, गावाकडच्या कुणाला तरी ज्वारीबद्दल पाच मिनिटं समजावलं, आणि पैसे मोजले. मी सोफ्यावर बसून पाय चोळत होतो.

“मुंग्या आल्या काय काका? अंगठा ओढा.”

ओढला. मुंग्या काही गेल्या नाहीत, पण अशा वेळी कुणी काहीतरी करायला सांगितलं की बरं वाटतं. पाय मरतो तेव्हा रक्त अडतं असं मी जन्मभर समजत होतो. एका डॉक्टर मित्राने अलीकडेच सांगितलं की बहुतेक वेळा नस दबलेली असते. माहिती वाढली, मुंग्या तेवढ्याच.

गेलं दीड वर्ष मी कोथरूडमध्ये योगासनांच्या वर्गाला जातो, हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

वर्गाला जायला लागलो तो डाव्या गुडघ्यामुळे. फार वर्षांपूर्वी पावसात कर्वे रोडवर स्कूटर घसरली तेव्हापासून तो गुडघा माझ्याशी सरकारी कचेरीसारखा वागतो. काम होतं, पण आज नाही. वर्गात गेल्यावर कुणीतरी शीर्षासन वगैरे करायला लावेल अशी धास्ती होती. पहिले तीन महिने ताईंनी मला फक्त बसायला शिकवलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पैसे भरून, मी बसायला शिकत होतो.

त्यातही मी समजत होतो तसं सोपं काही नसतं. दंडासन म्हणजे पाय समोर पसरून बसणं. यात शिकण्यासारखं काय, असं वाटून मी बसलो. ताई मागून आल्या आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही बसला नाहीत, तुम्ही सांडलात.” कंबर मागे ढासळलेली, पाठीला बाक, छाती पोटात उतरलेली. मग बुडाखाली घोंगडीच्या दोन घड्या आल्या. बूड उंच झालं की कंबर पुढे कलते आणि पाठीला उभं राहायला जागा होते. मांडीचंही तेच. मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर दोष गुडघ्यांचा कमी आणि जांघेतल्या सांध्यांचा जास्त. ते उघडत नाहीत म्हणून गुडघे अधांतरी राहतात. बद्धकोनासनात, म्हणजे तळवे एकमेकांना चिकटवून गुडघे दोन बाजूंना सोडायचे त्यात, माझा उजवा गुडघा निमूटपणे जमिनीजवळ जातो आणि डावा चांगला वीतभर वर राहतो. तिथे ताई आणखी एक घोंगडी सरकवतात. “गुडघा जमिनीला जात नसेल तर जमीन गुडघ्याला आणायची.”

ही घोंगड्या, पट्टे, विटांची युक्ती अस्सल पुण्यात वाढलेली आहे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली गुरूंच्या, म्हणजे कृष्णमाचार्यांच्या, सांगण्यावरून पुण्यात आले, कोवळं पोर होते, एकोणीसही पुरी नव्हती. आणि २०१४ मध्ये गेले ते पुण्यातच. मॉडेल कॉलनीत त्यांनी पत्नीच्या नावाने काढलेली संस्था १९७५ पासून उभी आहे. तिच्यावरून कॉलेजात असताना मी रोज सायकलने जायचो आणि दारात उभ्या असलेल्या परदेशी लोकांकडे बघून मनात म्हणायचो, एवढं विमानाने येऊन हे करतात काय, तर बसतात. त्या वयात मी कुठेही, कितीही वेळ, कसाही बसू शकत होतो. शिवाय मी पुणेकर होतो, म्हणजे माझ्या मते मला सगळं येतच होतं.

बद्धकोनासनाबद्दल अय्यंगारांनीच लिहून ठेवलंय की भारतातले चांभार असे बसतात. ते वाचल्यापासून लक्ष्मी रस्त्यावरून जाताना चपला शिवणाऱ्यांकडे माझं लक्ष जातं. आमच्या नेहमीच्या कोपऱ्यावरचे बाबा सत्तरीच्या पुढचे असतील. दोन्ही तळव्यांच्या मध्ये चप्पल धरलेली आणि दोन्ही गुडघे जमिनीला लागलेले. त्यांच्याकडे घोंगडी नाही. मी टाच शिवायला दिली आणि उभा राहून इतका वेळ टक लावून पाहिलं की ते म्हणाले, “पक्की शिवतोय साहेब, काळजी करू नका.”

आता इथे ‘आमच्या आजीला हे सगळं आपोआप येत होतं’ असं लिहायची प्रथा आहे. येत होतंच. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजी विळीवर बसायची तेव्हा एक पाय पाटावर दाबलेला, दुसरा गुडघा उभा, आणि धड त्या गुडघ्याला वळसा घालून पुढे झुकलेलं. मरीच्यासनाचा एक प्रकार साधारण असाच असतो, फक्त त्यात मेथीची जुडी नसते. निवडायला बसली की पाय लांब, दळण पाखडताना फतकल, पोथी वाचताना घट्ट मांडी. पण मी हेही पाहिलंय की शेवटची सात-आठ वर्षं आजीला त्यातलं काही म्हणजे काही जमत नव्हतं. गुडघे संपले होते. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची आणि खुर्चीचा तिला इतका राग होता की पाहुणे आले की ती उभी राहायची. त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जमिनीवर बसण्याने सगळ्यांचेच गुडघे टिकत असते तर आजी त्या खुर्चीत आलीच नसती.

आजीचे बसण्याचे कायदे मात्र पक्के होते. बसल्या बसल्या पाय हलवायचा नाही. उंबऱ्यावर बसायचं नाही. जेवताना गुडघा उभा करायचा नाही. आणि पंगतीतून मध्येच उठायचं नाही, हा तर फौजदारी कायदा. मी आठ वर्षांचा असताना एका मुंजीत त्या कायद्याची मी परीक्षा पाहिली. जिलबी-मठ्ठ्याची पंगत होती. आग्रह चालला होता, श्लोक चालले होते, आणि समोरचे एक आजोबा एकेक शीत मोजून जेवत होते. ते संपवेपर्यंत कुणी हलायचं नाही. माझी मांडी केव्हाच दगड झाली होती. एकदाचे सगळे उठले, मीही उठलो, आणि बधिर पाय पडला तो शेजारच्या आप्पाकाकांच्या मठ्ठ्याच्या द्रोणात. पायाला काही कळलंच नाही. मला मागून ओरडा झाला तेव्हा समजलं. आप्पाकाकांनी द्रोणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “कोथिंबीर कमी होती, नाही?”

त्या पंगतीत मी कुठल्या मांडीत बसलो होतो हे मी आज छातीठोकपणे सांगू शकतो. उजवी नडगी बाहेर, डावी आत. मी जन्मभर तसाच बसलोय. शाळेत बसकरपट्टीवर, गणपतीत आरतीनंतर, ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर चप्पल काढून, सगळीकडे. मांडी दोन प्रकारे घालता येते याचा पत्ता मला त्या वर्गात लागला. स्वस्तिकासनात छान स्थिरावलो होतो आणि ताई म्हणाल्या, “आता पायांची घडी बदला.” बदलली. डावी नडगी बाहेर आली, आणि क्षणभर वाटलं की कुणा दुसऱ्याच्या पायांवर बसलोय. तेच पाय, तीच जमीन, तरी काहीतरी चुकलेलं, डाव्या हाताने सही करावी तसं. घरी येऊन बायकोला विचारलं, “तू कुठली मांडी घालतेस?” ती म्हणाली, “मांडी.” मी म्हटलं, “पण कुठली?” यानंतर तिने मला पोळ्या लाटायच्या आहेत असं सांगितलं. पण मी पाहत राहिलो. तिची डावी बाहेर असते. सत्तावीस वर्षं शेजारी जेवतोय आणि हे मला माहीत नव्हतं.

नाद लागला की मी पुस्तकांकडे जातो, ही आणखी एक खोड. पतंजलींनी आसनाला तीन सूत्रं दिली आहेत, फक्त तीन, आणि त्यातलं पहिलं म्हणजे ‘स्थिरसुखमासनम्’. एका आसनाचंही नाव नाही. स्थिर असावं, सुखाचं असावं, संपलं. माझं यातलं एका वेळी एकच होतं. हठप्रदीपिकेत नावं आहेत, पंधरा. शंकरांनी चौऱ्याऐंशी सांगितली, त्यातली चार श्रेष्ठ, असं म्हणून ती सिद्ध, पद्म, सिंह आणि भद्र ही चार काढून देते. चारही बसायची. नावांचा गोंधळही तेव्हापासूनचा आहे. जेवणानंतर गुडघे मोडून, टाचांवर बसतात त्याला आपण वज्रासन म्हणतो. पण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात जे वज्रासन येतं ते टाच शिवणीशी दाबून बसण्याचं, आणि सिद्धासनालाच काही जण वज्रासन म्हणतात असं हठप्रदीपिकाही सांगते. हे मी ताईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं. आता वीरासन. टाचांवर नाही, टाचांच्या मध्ये बसा.” मी दोन विटांवर बसलो.

बसण्याचे प्रकार एकगठ्ठा पाहायचे असतील तर वर्गापेक्षा सवाईची भारतीय बैठक बरी. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ हा संगीत महोत्सव सुरू केला. माझ्या आठवणीतला सवाई रमणबागेच्या मैदानावरचा, डिसेंबरच्या थंडीतला, शाली-कानटोप्यांचा. बाबा मला घेऊन जायचे. पहिल्या गायकाच्या विलंबितात हजारो माणसं ताठ मांडी घालून बसलेली असायची. द्रुत येईपर्यंत एकेक गुडघा उभा राहायचा. दुसऱ्या कलाकाराला हात मागे टेकलेले. मध्यरात्रीच्या पुढे तर मैदानभर न नावाजलेली आसनं: शेजाऱ्याच्या पाठीला पाठ, थर्मासला मिठी, डबा उशाला घेऊन सुप्त काहीतरी. नियम एकच, पाय स्टेजकडे करायचे नाहीत. पायात कितीही गोळे येवोत, ते आडवे न्यायचे, खाली शालीत लपवायचे. बाबा मात्र रात्रभर एका मांडीवर. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून झोपायचो, आणि समेला तो गुडघा किंचित हलायचा, तेवढी मला जाग यायची. पाय हलवायचा नाही हा आजीचा कायदा तिच्या मुलाने मोडलेला मी तेवढाच पाहिला.

बाबांची कुठली नडगी बाहेर असायची, हे आठवायचा रविवारी बराच प्रयत्न केला. रद्दीवाला गेल्यावर, पुन्हा खाली बसून. आठवेना. फोटो काढून पाहिले. फोटोत माणसं नेहमी उभी असतात.

बाबा गेले तेव्हा वर्ग वगैरे काही नव्हता. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर गेलो. गुरुजी भराभर सांगत होते, मी करत होतो. देवांचं काम असलं की सव्य, उजवा गुडघा टेकायचा. पितरांचं आलं की अपसव्य, डावा. उजवा टेकला. मग ते म्हणाले, “आता अपसव्य करा. डावा गुडघा जमिनीला.”

तो जाईना. मी जोर लावला, घाम आला, काका म्हणाले राहू दे, चालतं. मागे रांग होती, शेजारी दुसरं कुणीतरी दुसऱ्या कुणासाठी तेच करत होतं. गुरुजींनी पोथीतून मान वर केली नाही. स्वतःच्या बुडाखालचं बसकर ओढून काढलं, त्याची घडी केली, माझ्या गुडघ्याखाली सरकवली, “टेकला” म्हणाले, आणि पुढचा मंत्र सुरू केला.