ग्रॅम स्टेनचं पहिलं उत्तर

दुपारी लॅबमध्ये एका लहान मुलाचं सीएसएफ, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी, आलं. गढूळ होतं. मेंदूज्वराची शंका. कल्चर, म्हणजे जीवाणू वाढवून बघणं, उद्यावर जाणार, म्हणून आधी ग्रॅम स्टेन, म्हणजे जीवाणू रंगवून त्यांचा गट ओळखणं. जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, तो पक्का करायला आयोडीन, मग रंग धुवायला अल्कोहोल. खरी कसोटी इथेच. काही सेकंद जास्त झाले तर जांभळे जीवाणूही रंग सोडतात आणि रिपोर्टच उलटा होतो. शेवटी सॅफ्रानिन, रंग सोडलेल्यांना लालसर करणारं.

सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली पू-पेशींच्या गर्दीत जांभळ्या, टोकदार जोड्या स्पष्ट दिसल्या. बहुधा न्यूमोकोकस, मेंदूज्वर करणारा एक जीवाणू. लगेच वॉर्डात फोन केला. अँटिबायोटिक सुरू होतंच, पण आता डॉक्टरांना दिशा मिळाली.

हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी ही पद्धत १८८४ मध्ये मांडली. एवढी यंत्रं आली, तरी इतक्या झटपट आणि स्वस्तात उत्तर देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. चॉकलेट अगारवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या माध्यमावर, कल्चर लावलंय. सकाळी लवकर जाऊन बघणार आहे. पोर बरं होऊ दे.