नागपुरात आलेला ‘बेंड्स’चा रुग्ण

धंतोलीतल्या आमच्या इमर्जन्सी विभागात सकाळी तिशीतला एक इंजिनिअर आईसोबत आला. उजवा खांदा आतून ठणकत होता, त्याच हाताची बोटं बधिर झाली होती.

“मॅडम, रात्रीपासून खांदा दुखून राहिला याचा. जड बॅगा उचलल्या असतील,” आई म्हणाल्या.

ईसीजी ठीक होता, एक्स-रेही. खांदा सगळ्या बाजूंनी फिरवला, दाबून पाहिला. दुखणं ना वाढलं ना कमी झालं. स्नायू लचकला असता तर असं नसतं. म्हणून विचारलं, बॅगा कुठून आणल्या?

“अंदमानहून. काल रात्रीच पोचलो.”

स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. तीन दिवस स्कूबा डायव्हिंग. शेवटच्या सकाळी दोन डाइव्ह, त्यातली एक ३० मीटरवर, प्रवाळांवरून फिरणारे बॅराकुडा मासे पाहायला. मग बोट, आणि त्याच दुपारी विमान. पाण्यातून बाहेर पडून सात तासही झाले नव्हते.

३० मीटरवर एकूण दाब जमिनीवरच्या चौपट असतो. त्या दाबाखाली टाकीतल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे निघतो, पण तासन्‌तास घेऊन. तो निघायच्या आत विमानात बसलं तर केबिनमधल्या कमी दाबामुळे शरीरातच त्याचे बुडबुडे होऊ शकतात. हाच ‘बेंड्स’ नावाचा आजार. सलग काही दिवस डायव्हिंग केल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठीची संस्था सांगते ते यासाठीच.

मी लगेच नॉन-रीब्रीदर मास्कनं, म्हणजे जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन देणाऱ्या मास्कनं, मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सुरू करायला सांगितला. सिस्टरांना ते पटेना. “मॅडम, सॅच्युरेशन तर ९८ आहे!” शंका रास्त होती. पण इथे ऑक्सिजन कमी पडतो म्हणून द्यायचा नव्हता. श्वासात नायट्रोजनच नसला की बुडबुड्यांतला नायट्रोजन झपाट्यानं रक्तात आणि तिथून फुप्फुसांत येतो. मॉनिटरवरचा आकडा पाहून हा ऑक्सिजन थांबवणं फार महागात पडू शकतं, हे मला तरुण डॉक्टरांना कळकळीनं सांगायचंय. सलाइन लावलं. पायांची ताकद, चालताना तोल, लघवीची जाणीव हे सगळं पुन्हा पुन्हा तपासलं, कारण मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस कायमचा अपंग होऊ शकतो.

नौदलातून निवृत्त झालेल्या एका परिचित डॉक्टरांना फोन केला. न भरणाऱ्या जखमांसाठी वापरतात तो हायपरबॅरिक चेंबर, म्हणजे जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणारी बंद खोली, शहरात मिळाला, जमिनीवरच्या २.८ पट दाब देता येतो ना, एवढी खात्री केली आणि त्याला आत घेतलं. पावणेपाच तासांचा उपचार, मधे मधे साध्या हवेची पाच-पाच मिनिटं, नाहीतर ऑक्सिजनच्याच अतिरेकानं झटके येऊ शकतात. पूर्ण दाब गाठल्यावर काही मिनिटांतच त्यानं काचेतून हात वर करून दाखवला. बोटांचा बधिरपणा मात्र थोडा उरला, त्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंबर लागला.

बाहेर आल्यावर तो एकदम म्हणाला, “माझे दोन मित्र अजून तिथेच आहेत. उद्या सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान.”

फोन लावून मी स्वतः बोलले. डाइव्ह किंवा विमान, दोन्हींपैकी एकच. त्यांनी डाइव्ह रद्द केली.