सचिन नावाचा अर्थ आणि ते आपल्याकडे आलं कसं

सचिन हे नाव क्रिकेटमुळे पसरलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण जरा हिशोब करून बघा, तेंडुलकर पहिली टेस्ट खेळला नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीला, म्हणजे त्याच्या आधी जन्मलेले जेवढे सचिन आहेत त्यांची नावं काही त्याच्या खेळावरून ठेवलेली नाहीत. आमचा दादा त्यातलाच. त्यांच्या वर्गात नुसतं सचिन म्हणून भागायचंच नाही, आडनाव लावावंच लागायचं, आणि मैदानावर कोणी "ए सच्या, बॉल टाक" ओरडलं की नको तोच सच्या बॉल टाकायचा.

नाव मूळचं बंगालकडचं. तिकडे ते शचीन असं लिहितात. शची म्हणजे इंद्राची बायको, इंद्राणी, आणि संस्कृतमध्ये 'इन' म्हणजे स्वामी, म्हणून शचीन म्हणजे सरळ इंद्रच. शचींद्रचाही अर्थ तोच. चैतन्य महाप्रभूंच्या आईचं नावसुद्धा शची, म्हणून तर त्यांना शचीनंदन म्हणतात. आपल्याकडे नावांच्या पुस्तकांत सचिनचा अर्थ शुद्ध, सत्य, अस्तित्व असं काहीबाही दिलेलं असतं, मला ते ओढूनताणून आणलेलं वाटतं, एवढा छान अर्थ असताना गरजच काय त्याची?

मराठी घरांत हे नाव रुजायला माझ्या मते सगळ्यात जास्त कारणीभूत सचिनदेव बर्मन. त्रिपुराच्या राजघराण्यातला माणूस, १९०६ साली कोमिल्ल्यात जन्मला, १९४४ ला मुंबईत आला आणि मग त्यांची गाणी रेडिओवरून घराघरात पोचली. साठच्या दशकात सचिन पिळगावकर बालकलाकार म्हणून पडद्यावर दिसायला लागले, तेव्हा नाव कानाला आणखीनच सवयीचं झालं. कवी आणि मराठीचे प्राध्यापक असलेले रमेश तेंडुलकर तर बर्मनदांचे इतके चाहते की १९७३ ला धाकटा मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव त्यांच्यावरूनच ठेवलं. म्हणजे वानखेडेवर हजारो लोक "सच्चिन, सच्चिन" ओरडायचे ते नाव मुळात एका संगीतकाराचं, हे आठवलं की मला खूप भारी वाटतं!

शिवाय उच्चाराला सोपं, तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, आणि नितीनला यमक जुळतं. नितीन-सचिन ही भावांची जोडी किती घरांत असेल, तेंडुलकरांकडेही थोरला नितीनच.

आता बारशाला आरव, अथर्व, विहान असलं काही ऐकू येतं, सचिन क्वचितच. तरी कोणाच्या मनात असेल तर मी म्हणेन जरूर ठेवा आणि देवनागरीत शचीन असंच लिहा. बंगाली लोकसुद्धा इंग्रजीत बहुतेक एसनेच सचिन लिहितात, त्यामुळे कागदोपत्री स्पेलिंग आपल्या नेहमीच्या सचिनसारखंच राहील.